हसायला कुठली भाषा?

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची भाषावार वाटणी झाली. निजामाच्या मुलखातलं आमचं गुलबर्गा आणि शेजारचं बिदर म्हैसूर राज्यात गेलं. कचेरीत कन्नड आली. आळंद, भालकी, बसवकल्याणकडची मराठी बरीचशी घरातच राहिली. सीमाप्रश्नावर पुष्कळ लिहिलं गेलं. पण इथली माणसं कशाला हसत होती, हे फारसं कुणी लिहून ठेवलं नाही.

आमच्याकडे इंग्रजी सिनेमा लागायचा तो बहुधा सकाळच्या खेळाला. आज्जीला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. तरी अण्णांनी तिला एकदा चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' दाखवायला नेलं. मूळचा १९२५ चा मूकपट; १९४२ साली चॅप्लिनने त्याला स्वतःच्या आवाजात निवेदन जोडलं. आज्जीला त्याची गरज पडली नाही. भुकेला चार्ली बूट शिजवून खायला बसला तसे तिने डोळेच मिटले. "चामडं खातंय की गं!" सगळं थेटर हसत होतं. तिने हळूच पाहिलं, तो खिळे हाडं चोखल्यासारखे चोखत होता. "उपाशी हाय बिचारं," म्हणाली, आणि मग तीही पदर तोंडाला लावून हसली.

टीव्ही मात्र आमच्याकडे मोठ्या शहरांच्या आधी आला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दिसले. त्यात गुलबर्गा जिल्ह्यातलीही खेडी होती. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला. मग १९७७ मध्ये गुलबर्ग्यालाच प्रक्षेपण केंद्र झालं. बेंगळुरूला ते १९८१ मध्ये मिळालं.

पण हा टीव्ही कन्नड बोलायचा, पुढे हिंदी. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ गाजत होते, ते आम्ही पाहुण्यांच्या तोंडून ऐकायचो. मुंबईच्या लहरी इथवर पोचत नव्हत्या.

१९८४ साली 'ये जो है जिंदगी' सुरू झालं. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधीच उरकलेली असत, त्यामुळे रात्री आज्जी सगळ्यांत पुढे बसायची. हिंदी कळत नव्हतं. पण सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन आला की ती लगेच ओळखायची. "हा तोच की, मागच्या आठवड्याचा!"

आज्जी जगभरच्या माणसांना हसली. तिच्या भाषेतला चिमणराव तेवढा तिला कधी दिसला नाही. सीमाप्रश्न म्हटला की मला ठराव आणि मोर्च्यांआधी हेच आठवतं.

चॅप्लिनचा तो बूट ज्येष्ठमधाचा केलेला होता, हे मी फार उशिरा वाचलं. सांगायला आज्जी राहिली नव्हती.