शिक्षकाचे वेतन आणि दादाभाईंची पदवी

शासकीय लेखापद्धतीत शाळेची इमारत भांडवली खर्चात मोडते आणि शिक्षकाचे वेतन महसुली खर्चात. म्हणजे भिंत ही मत्ता ठरते आणि त्या भिंतींच्या आत शिकविणारा माणूस हा चालू वर्षाचा खर्च. लेखाशास्त्राच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून, आणि केंद्र सरकारच्या सेवेत खर्चाच्या प्रस्तावांवर टिपणे लिहिण्यात उमेदीची वर्षे घालविलेला अधिकारी म्हणून, मला या वर्गीकरणापाशी अनेकदा थांबावेसे वाटले आहे. शिक्षकाच्या कामाचा परिणाम किती वर्षे टिकतो, हा प्रश्न प्रस्तावात कोणी विचारीत नाही. इतिहासात मात्र त्याचे उत्तर सापडते.

दादाभाई नौरोजी यांचा जन्म 1825 सालचा. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई निरक्षर होती, घरची स्थिती बेताची. मुंबईत त्या काळी नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी नव्हती, म्हणून हा मुलगा शिकू शकला. पुढे वृद्धापकाळी आपल्या तरुणपणाविषयी लिहिताना त्यांनी हे स्वच्छ नमूद केले आहे की, फी असती तर आईला ती परवडली नसती. आणि म्हणूनच आपण मोफत शिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते झालो.

एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच शिक्षक झाले आणि 1854 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक. त्या संस्थेत हे पद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. वर्गातील तासांवर त्यांचे काम संपत नसे. 1848 मध्ये स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी 1849 मध्ये मुंबईत मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा काढल्या आणि आपले नित्याचे काम सांभाळून तेथे विनावेतन शिकविले. त्यांत दादाभाई अग्रभागी होते.

1855 मध्ये ते व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले, पण अध्यापन तेथेही सुटले नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापक होते. पुढे तीनदा काँग्रेसचे अध्यक्षपद, 1892 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्यत्व, असे मान त्यांना मिळत गेले. तरीही प्राध्यापक म्हणून ओळखले जाण्याने जो अभिमान वाटला तो दुसऱ्या कोणत्याही सन्मानाने वाटला नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. हिंदुस्थानातील दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे 20 रुपये आहे, हे सरकारच्याच आकड्यांवरून मांडणारे दादाभाई मला गणिताच्या मास्तरांसारखेच वाटतात. उत्तर सांगायचे, पण पायऱ्या दाखवून.

याच एल्फिन्स्टन कॉलेजातून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे शिकून बाहेर पडले आणि काही काळ तेथेच त्यांनी शिकविले. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही 1884 मध्ये तेथूनच बी. ए. केले. सरकारी नोकरी किंवा वकिली त्यांना सहज साधली असती. त्याऐवजी ते पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गेले आणि वीस वर्षे सेवा देण्याच्या बांधिलकीने दरमहा 75 रुपयांवर शिक्षक झाले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जे पडेल ते विषय शिकविले. त्याच वर्षांत ते स्वतः रानड्यांचे विद्यार्थी होते. सरकारी अहवाल कसा वाचावा आणि आकड्यामागचा अर्थ कसा शोधावा, हे त्यांनी रानड्यांपाशी शिकून घेतले.

1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखले साक्षीला उभे राहिले, तेव्हा आयोगाच्या सदस्यांत दादाभाई बसलेले होते. एकाच परंपरेतील दोन प्राध्यापक, एक प्रश्न विचारणारा आणि एक उत्तरे देणारा!

गोखल्यांनी 1902 मध्ये फर्ग्युसन सोडले, पण शिक्षक त्यांच्यातून गेला नाही. 1911 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले. त्यांची मागणी माफक होती. ज्या भागात मुलांची हजेरी ठरावीक प्रमाणात पोहोचली असेल, तेथील स्थानिक संस्थांना सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा असावी, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, एवढेच. सरकारने विरोध केला आणि मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. त्याआधी 1882 मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती, हेही येथे विसरता येत नाही. अखेर 2002 च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यासाठीचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. एका निरक्षर आईला न भरावी लागलेली फी आणि हा कायदा यांच्यामध्ये पाऊणदोन शतकांचे अंतर आहे. पण धागा तुटलेला नाही.

याच कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. प्रशासनात असल्यामुळे मला ठाऊक आहे की कोणतीही नवी मोहीम निघाली की सर्वांत आधी शिक्षकांचीच आठवण होते. याद्या हव्यात, सर्वेक्षण हवे, माहिती भरून हवी. ते काम त्याच आठवड्यात दिसते. वर्गातले काम दिसायला तीस वर्षे लागतात आणि तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते.

शिक्षकांना आपला पेशा का आवडतो, याचे उत्तर मला येथेच दिसते. आपल्या हयातीत हिशेब पुरा होणार नाही, हे पत्करूनच ते काम करतात. समोरच्या मुलाला एखादी गोष्ट उमगली, की तेवढ्यावर त्यांचे समाधान होते. बाकीचे येणे ते काळावर सोडतात. अर्थशास्त्रात गुंतवणूक म्हणतात ती याहून निराळी काय असते? वेतन महसुली सदरातच राहील, हरकत नाही. शिक्षकाचा तास त्याच्या वर्गासाठी राखून ठेवणे, एवढे तरी आम्हा अधिकाऱ्यांच्या हाती आहे.