स्मृतिभ्रंशातील पुनर्वसन

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या व्यक्तीला स्वतःला महत्त्वाची वाटणारी रोजची कामे शक्य तितका काळ करता यावीत, यासाठी आखलेली उपचारपद्धती. गेलेली स्मरणशक्ती परत आणणे हा तिचा हेतू नसतो. अल्झायमरमुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशात नुकत्याच घडलेल्या गोष्टींची आठवण आधी पुसट होते. अंगवळणी पडलेली कौशल्ये तुलनेने जास्त काळ टिकतात. उपचाराचा आधार हीच कौशल्ये असतात. चहा करताना क्रम चुकत असेल, गॅस बंद करायचा राहत असेल, तर व्यवसायोपचारतज्ज्ञ ओट्यावरचा पसारा कमी करतात, चहा-साखरेचे डबे लागतील त्या क्रमाने मांडतात, शेगडीजवळ ठळक अक्षरांत सूचना लावतात आणि चूक होण्याआधीच आठवण देत ती कृती पुनःपुन्हा करून घेतात. एखादे नाव लक्षात राहावे म्हणून तोच प्रश्न अर्ध्या, एका, मग दोन मिनिटांनी, असे अंतर वाढवत विचारतात.

आजार वाढतच जाणार असेल तर या खटाटोपाचा उपयोग काय, असा आक्षेप घेतला जातो. पण पार्किन्सनचा आजारही वाढत जातो, म्हणून त्या रुग्णाची फिजिओथेरपी कोणी थांबवत नाही. संशोधक लिंडा क्लेअर यांच्या नेतृत्वाखाली या पद्धतीची इंग्लंड आणि वेल्समध्ये झालेल्या ‘ग्रेट’ चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील ४७५ व्यक्ती होत्या. उपचार मिळालेल्या गटाने तीन महिन्यांत घरीच १० सत्रे घेतली, पुढील सहा महिन्यांत आणखी ४. या गटाची स्वतः निवडलेल्या कामांतली प्रगती इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती आणि ती नवव्या महिन्यातही टिकून होती. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही असाच आहे.

‘ग्रेट’मध्ये स्मृतीच्या चाचण्यांचे गुण किंवा जीवनाच्या गुणवत्तेचे मोजमाप मात्र सुधारले नाही, याकडे टीकाकार बोट दाखवतात. ही मर्यादा खरी आहे आणि कुटुंबाला ती आधीच सांगितली पाहिजे. मात्र ज्या कामासाठी उपचार दिला ते काम जमू लागले, तर गुण वाढले नाहीत म्हणून उपचार फसला असे म्हणता येत नाही. घरच्यांवर सरावाचा भार पडतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणून उद्दिष्टे थोडी आणि रुग्णाने स्वतः निवडलेली हवीत. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे आणि त्यांची बहुतेक शुश्रूषा घरातच होते. या पद्धतीला महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित माणसे लागतात. निदानाच्या कागदासोबतच व्यवसायोपचाराची चिठ्ठी मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला पाहिजे.