पाळी गेल्यानंतरची तपासणी : नाचियार्कोविल् व कुंभकोणम परिसरातील महिलांसाठी माहिती

सलग बारा महिने पाळी आली नाही, तर ती कायमची गेली असे धरले जाते. यालाच ‘रजोनिवृत्ती’ म्हणतात. घरात हा शब्द सहसा वापरला जात नाही. भारतात पाळी साधारण 46 ते 47 व्या वर्षी जाते. 40 वर्षांच्या आत गेल्यास डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशय काढले असतील, तर हे बदल एकदम सुरू होतात आणि त्रासही जास्त जाणवू शकतो.

शरीरात काय बदलते?

इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. अंगातून अचानक वाफा येतात, रात्री घाम फुटून झोप मोडते. नाचियार्कोविल् पितळी समयांसाठी (कुत्तुविळक्कु) प्रसिद्ध आहे. ओतकामाच्या भट्टीजवळ वावरणाऱ्या बाईला ही धग भट्टीचीच वाटू शकते. योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते किंवा खोकताना लघवी सुटते. हाडे ठिसूळ होतात, पण मोडेपर्यंत ते कळत नाही. रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

या वयात दिवसाला सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीतून 350 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. बाकीचे दूध, दही, तीळ आणि पालेभाज्यांतून घ्यावे. हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता दुकानातून आणून घेऊ नयेत.

पुन्हा रक्त दिसल्यास

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. ‘पाळी परत आली’ किंवा ‘उष्णता झाली’ म्हणून थांबू नये. बहुतेक वेळा कारण साधे असते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचे हे पहिले लक्षण असू शकते आणि लवकर सापडल्यास तो बरा होऊ शकतो. ‘आता या वयात बायकांच्या डॉक्टरकडे कशाला’ असे घरातले म्हणाले, तरी जावे. नुसत्या अंगावर जाण्यासाठी किंवा वाफांसाठी कोणी लगेच गर्भाशय काढायला सांगितले, तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

सेवा कोठे मिळते?

30 वर्षांवरील प्रत्येकीची रक्तदाब व साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. 30 ते 65 वयात स्तन, तोंड आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. पाळी गेली म्हणून ही तपासणी थांबत नाही.

तमिळनाडूची ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ योजना 5 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झाली. महिला आरोग्य स्वयंसेविका घरी येऊन रक्तदाब व साखर तपासतात, औषधे पोहोचवतात. गरजू रुग्णांना घरी फिजिओथेरपीही मिळते. अंगावर जाणे, लघवीचा त्रास हे त्या स्वतःहून विचारतीलच असे नाही. आपणच सांगावे. पुढील तपासणीसाठी कुंभकोणमचे सरकारी रुग्णालय जवळ आहे.

शस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्री सर्वसमावेशक आरोग्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1,20,000 रुपये. नोंदणीसाठी रेशन कार्ड, आधार आणि ग्राम प्रशासकीय अधिकाऱ्याचा (व्ही.ए.ओ.) उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवावा. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 104 वर फोन करता येतो.