वसईचे संत गोन्सालो आणि फिलिपिन्सचे तरुण रक्तसाक्षी

वसई म्हटले की मराठी मनाला आठवतो तो १७३९ चा मे महिना आणि चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला किल्ला. मुठेकाठी ओंकारेश्वराजवळ आप्पांची समाधी असल्याने नारायण पेठेतील पुणेकराला तर ही मोहीम घरचीच वाटते. मात्र या विजयाच्या सुमारे एकशे ऐंशी वर्षे आधी वसईत जन्मलेल्या एका मुलाचे नाव आज जपान आणि फिलिपिन्समध्ये श्रद्धेने घेतले जाते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. संत गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. कॅथलिक चर्चने संत म्हणून गौरविलेली भारतात जन्मलेली ही पहिली व्यक्ती होय.

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज आणि आई स्थानिक, असे परंपरा मानते. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली, की धर्मशिक्षक म्हणून त्यांचा लौकिक झाला. तथापि, सुमारे आठ वर्षे सेवा करूनही येशूसंघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मिश्र वंश हे त्यामागचे कारण असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. निराश होऊन त्यांनी संघाची साथ सोडली, व्यापार आरंभिला आणि त्यात यशही मिळविले. या व्यापारानेच त्यांना फिलिपिन्समधील मनिला येथे नेले. तेथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना आपलेसे केले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाप्टिस्टा यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ धाडले. त्यात दुभाषा म्हणून गोन्सालो होते. क्योटोत या मंडळींनी मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभारली. मात्र १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि धर्मप्रचारकांच्या मागून स्पॅनिश सैन्य येईल, हा संशय बळावला. धरपकड झाली. कैद्यांचे डावे कान कापून त्यांना कडाक्याच्या थंडीत नागासाकीपर्यंत चालवीत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्याने मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी श्रावक होते. लुदोविको इबाराकी हा सर्वांत लहान, अवघ्या बारा वर्षांचा. १६२७ मध्ये या रक्तसाक्षींना ‘धन्य’ घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले.

गोन्सालोंना बंधू म्हणून स्वीकारणाऱ्या त्या फिलिपिन्सला पुढे स्वतःचे संत लाभले आणि त्यांच्या चरित्रांत गोन्सालोंच्या जीवनाचेच प्रतिबिंब दिसते. मनिलाच्या बिनोन्दो भागातील लोरेन्झो रुईझ यांचे वडील चिनी, आई फिलिपिनो. चर्चमध्ये लेखनिकाचे काम करणारे हे संसारी गृहस्थ १६३७ मध्ये नागासाकीतच मारले गेले; १९८७ मध्ये ते फिलिपिन्सचे पहिले संत ठरले. दुसरे पेद्रो कालुंगसोद. विसाया बेटांतील हा मुलगा १६६८ मध्ये येशूसंघीयांचा मदतनीस म्हणून गुआमला गेला. २ एप्रिल १६७२ रोजी एका बालिकेच्या बाप्तिस्म्यावरून संतापलेल्या पित्याने व त्याच्या साथीदाराने फादर दिएगो लुईस दे सान व्हितोरेस यांच्यासह त्याला ठार केले. पळून जाणे शक्य असूनही पेद्रोने फादरांना एकटे सोडले नाही, असे सांगितले जाते. त्यावेळी तो सतराएक वर्षांचा होता. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २१ ऑक्टोबर २०१२ रोजी त्याला संत घोषित केले.

स्पॅनिश सत्तेच्या छायेत आलेला धर्म आणि आपल्या चालीरीती जपू पाहणारे गुआमचे चामोरो लोक यांचा तो संघर्ष होता, हे इतिहासाने विसरता कामा नये. पण फिलिपिनो भाविकांना पेद्रो जवळचा वाटतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्याकडे पद नव्हते, संपत्ती नव्हती. त्याचे निश्चित जन्मगावही आज सांगता येत नाही. कोवळ्या वयात तो घर सोडून समुद्रापार गेला आणि परक्या भूमीत सोपविलेले काम त्याने अखेरपर्यंत केले. ज्या देशातील लक्षावधी तरुण आज परदेशी नोकरी करून घर चालवितात, तेथे असा संत मूर्तीपेक्षा सोबती अधिक वाटावा, हे स्वाभाविक आहे.

दुभाषा, लेखनिक, मदतनीस. या तिघांपैकी एकालाही धर्मगुरुपदाची दीक्षा मिळालेली नव्हती. गोन्सालोंना तर प्रथम दारच उघडले गेले नाही. अधिकाराच्या उतरंडीत खालच्या पायरीवर राहिलेल्यांना चर्चने अखेर वेदीवर स्थान दिले, त्यासाठी गोन्सालोंच्या बाबतीत अडीच शतकांहून अधिक काळ जावा लागला.

वसईने मात्र आपल्या सुपुत्राची आठवण जपली आहे. गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय त्यांचे नाव धारण करतात. मराठीतून प्रार्थना करणाऱ्या तेथील ख्रिस्ती समाजासाठी गोन्सालो हे परदेशातून आलेले संत नव्हेत. ते गावातून दूर गेलेले घरचे माणूस आहेत. चिमाजी आप्पांच्या पराक्रमाने पावन झालेला किल्ला पाहावयास जाणाऱ्या पुणेकराने तेथील चर्चच्या भग्न भिंतींपाशीही क्षणभर थांबावे. तो इतिहासही आपल्याच मातीतला आहे.