कपाटातला बाण आणि शिकाऱ्याचा शब्द

१/८
संग्रहालयात दीडशे वर्षे पडून असलेला बाण आपल्याला काय सांगतो? फार तर लांबी, लाकूड आणि टोकाचे हाड. तो कोणत्या प्राण्यावर, कोणत्या ऋतूत चालवला जाई, हे सांगायला माणूसच लागतो. ही माणसे आपल्या वस्तूंपर्यंत कशी पोहोचली, त्याचा हा इतिहास.

२/८
कॅनडाच्या वायव्येस मॅकेन्झी नदी ब्यूफोर्ट समुद्राला मिळते. हा इनुव्हिआलुइट लोकांचा प्रदेश. नावाचा अर्थ ‘खरी माणसे’. उन्हाळ्यात बेलुगा हे पांढरे देवमासे नदीमुखाच्या उथळ पाण्यात येतात. किटिगार्युइट येथे त्यांच्या शिकारीसाठी शेकडो लोक जमत. कयाकांची रांग करून ते कळपाला उथळ पाण्याकडे वळवत. हिवाळ्याची बेगमी त्यातूनच होई.

३/८
१८६१ साली हडसन बे कंपनीने अँडरसन नदीकाठी फोर्ट अँडरसन हे व्यापारी ठाणे उभारले. तेथील अधिकारी रॉडरिक मॅकफार्लेन याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी पक्ष्यांची अंडी, प्राण्यांची कातडी आणि इनुव्हिआलुइटांची शेकडो हत्यारे, अवजारे व कपडे गोळा केले. १८६६ साली ठाणे बंद पडले. वस्तू दूरदेशी गेल्या. त्या वापरणाऱ्यांचे ज्ञान मागेच राहिले.

४/८
ते ज्ञानही पुढे धोक्यात आले. १८९० पासून देवमाशांच्या शिकारीसाठी आलेली अमेरिकन जहाजे हर्शेल बेटाजवळ हिवाळा काढू लागली. त्यांच्यामागून साथी आल्या. १९०२च्या सुमारास गोवराने हाहाकार माजवला. सुमारे अडीच हजारांची लोकसंख्या काही शेकड्यांवर आली आणि किटिगार्युइट ओस पडले. कित्येक घरांत शिकवणारे हातच उरले नाहीत.

५/८
तरीही शिकार थांबली नाही आणि तिच्याबरोबर शिक्षणही. ५ जून १९८४ रोजी कॅनडा सरकारशी झालेल्या करारात इनुव्हिआलुइटांच्या शिकारीच्या हक्कांना मान्यता मिळाली. वन्यजीवांसंबंधीच्या संयुक्त समित्यांवर त्यांना सरकारच्या बरोबरीने स्थान मिळाले. बेलुगांविषयी बोलण्याचा अधिकार आता केवळ राजधानीतल्या तज्ज्ञांचा राहिला नाही.

६/८
२००९ साली इनुव्हिआलुइट ज्येष्ठ आणि तरुण वॉशिंग्टनला गेले. पूर्वजांच्या वस्तू त्यांनी हातात घेतल्या, त्यांची नावे आणि उपयोग सांगितले. या भेटीतून २०१२ साली ‘इनुव्हिआलुइट लिव्हिंग हिस्टरी’ हे संकेतस्थळ उभे राहिले. वस्तूंच्या छायाचित्रांसोबत तेथे ज्येष्ठांचे बोलणेही आहे.

७/८
वस्तू आजही वॉशिंग्टनलाच आहेत, हे विसरून चालणार नाही. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे परत मिळालेली वस्तू नव्हे. पण नदीमुखाजवळच्या गावातले मूल आता आजोबांच्या शेजारी बसून ते चित्र पाहू शकते आणि विचारू शकते, ‘हे कशासाठी?’ आजोबांचे उत्तर बाणापासून सुरू होते आणि बाण ज्याच्यासाठी होता त्या प्राण्यापाशी जाऊन पोहोचते.

८/८
मॅकफार्लेनने अंडी, कातडी आणि हत्यारे वेगवेगळी जमवली. शिकाऱ्याच्या लेखी मात्र पक्षी, पाणी, ऋतू आणि हत्यार हे एकच जग होते. हा तुटलेला सांधा ज्येष्ठांच्या शब्दांनी पुन्हा जुळतो. मित्रहो, पुढच्या वेळी संग्रहालयात गेलात, की फलकावर काय लिहिले आहे ते जरूर वाचा. आणि तिथे कोणाचे शब्द नाहीत, तेही पाहा.