त्रिकोण कुठे तोलायचा?

इ.स.पू. 250च्या आसपासचं सिराक्यूज. सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या ग्रीक शहरात तुम्ही पोचता तेव्हा ऊन कललेलं आहे. अंगणात पसरलेल्या राखेवर आर्किमिडीज ओणवा झालाय. तुमच्याकडे त्याचं लक्षही नाही.

भिंतीशी पडलेला काशाचा त्रिकोणी पत्रा तुम्ही उचलता. तिन्ही बाजू असमान. एका कोपऱ्याला दोरी बांधून तो टांगता, शेजारी ओळंबा सोडता, त्याच्या रेषेत ओरखडा काढता. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तसंच. ओरखडे छेदतात तिथे बोट टेकवलं की पत्रा आडवा, स्थिर राहतो. टांगलेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य दोरीच्या टोकाखाली उभ्या रेषेत येतो, हे आर्किमिडीजला ठाऊक आहे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही.

राखेतल्या त्रिकोणात तो पायाला समांतर रेघा ओढत जातो, इतक्या दाट की सगळा त्रिकोण बारीक पट्ट्यांचा होतो. प्रत्येक पट्टी आपल्या मध्यावर तोलली जाते. हे मध्य जोडले की मध्यगा. म्हणजे गुरुत्वमध्य तिच्यावरच. पाया बदलला की दुसरी मध्यगा, मग तिसरी. गुरुत्वमध्य तर एकच, तेव्हा तिघींना तिथे भेटावंच लागतं! शाळेत हे प्रमेय आपण वजनाचं नावही न काढता शिकतो, याची मला फार हळहळ वाटते.

हा बिंदू प्रत्येक मध्यगेचे 2:1 असे भाग पाडतो, मोठा शिरोबिंदूकडचा; ते कुठून आलं तेही पाहा. तिन्ही कोपऱ्यांवर सारखे खडे ठेवा. त्यांचा तोलही तिन्ही मध्यगांवर, म्हणजे त्याच बिंदूत. पायावरचे दोन खडे मिळून पायाच्या मध्यावर दुप्पट भार, शिरोबिंदूवर एकपट. तरफेच्या नियमाने दुप्पट भार निम्म्या अंतरावर. म्हणून बिंदू पायाकडून मध्यगेच्या तिसऱ्या हिश्शावर.

समांतरभुज चौकोनाचं उत्तर कर्णांच्या छेदात लगेच मिळतं. पॅराबोलाच्या खंडाला मात्र पुष्कळ कष्ट पडतात: तिथे अक्षाचे भाग 3:2, मोठा शिरोबिंदूकडचा.

अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसला पाठवलेल्या ग्रंथात तो स्पष्ट सांगतो: असे काप तोलून उत्तर सापडतं, पण त्याला सिद्धता म्हणू नये, ती वेगळी द्यावी लागते. इतका प्रामाणिकपणा मला त्या उत्तरांइतकाच मोलाचा वाटतो.

परतताना 1906च्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये थांबा. डॅनिश विद्वान हायबर्ग भिंग घेऊन बसलाय. खरवडलेल्या चर्मपत्रावर कुणी प्रार्थना लिहिल्यात. त्यांच्या खालून तो हाच ग्रंथ वाचतोय. त्यात शंकूही आहे: गुरुत्वमध्य अक्षावर, शिरोबिंदूकडचा भाग उरलेल्याच्या तिप्पट.