रांगेसाठी ठेवलेली दुर्बीण

भारतीय खगोलशास्त्राचा इतिहास मोठ्या आरशांच्या नावाने सांगितला जातो. कावलूरचा २.३४ मीटरचा आरसा, हानलेचा २ मीटरचा, देवस्थळचा ३.६ मीटरचा. नवी दुर्बीण उभी राहिली की देशभर बातमी होते, आणि ती व्हायलाही हवी. पण बहुतेक वेधशाळांच्या आवारात, घुमटापासून दूर कुठेतरी कडेला, आणखी एक लहानशी दुर्बीण असते. तिच्या नावावर शोधनिबंध नसतात. तिच्यापुढे रांग असते. सहलीला आलेली शाळेची मुले, त्यांना आवरता आवरता थकलेले शिक्षक, नातवाच्या हट्टापायी आलेले आजोबा, आणि नेत्रिकेला डोळा लावताच सगळ्यांच्या तोंडून निघणारा तोच एक उद्गार. तमिळनाडूतील कावलूरच्या वेणू बाप्पू वेधशाळेत ही दुर्बीण सहा इंचांची आहे. आकाश निरभ्र असेल, तर शनिवारच्या संध्याकाळी ती लोकांसाठी खुली असते.

इतक्या दूर येऊन सहाच इंच, अशी तक्रार रांगेत हमखास ऐकू येते. शेजारच्या घुमटातील महाकाय दुर्बिणीतून शनी का दाखवत नाहीत, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की त्या दुर्बिणीला बहुधा डोळा लावायची जागाच नसते. तिच्या नाभीपाशी सीसीडी कॅमेरा किंवा वर्णपटलेखक बसवलेला असतो, आणि तिची प्रत्येक रात्र कित्येक महिने आधी कुणा ना कुणा संशोधकाला वाटून दिलेली असते. शिवाय सहा इंच म्हणजे काही कमी नव्हे. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. १५० मिलिमीटरचे भिंग तिच्यापेक्षा सुमारे साडेचारशे पट अधिक प्रकाश गोळा करते. शनीची कडी, गुरूचे चार चंद्र, मृगातला तेजोमेघ यांना एवढे पुरते. गॅलिलिओला तर यापेक्षा कितीतरी कमी पुरले होते.

या रांगेसाठीच्या दुर्बिणींचा इतिहास लिहायला घेतला, तर तो फार जुन्या आणि बऱ्याचदा निवृत्त झालेल्या उपकरणांचा इतिहास होतो. कोडाईकनालची २० सेंटिमीटरची भिंगदुर्बीण धूमकेतूंच्या आणि पिधानांच्या निरीक्षणाला वापरली गेली. पुढे अधूनमधून पाहुण्यांना रात्रीचे आकाश दाखवायचे कामही तिच्याकडे आले. जी दुर्बीण विज्ञानाला आता फारशी लागत नाही, ती लोकांना, असा अलिखित रिवाज दिसतो. पण याच वर्गातील एका दुर्बिणीची कथा नेमकी उलटी आहे.

अविभाजित बंगालातील जेसोर गावी राधागोबिंद चंद्र नावाचे एक गृहस्थ सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करीत. प्रवेश परीक्षेत ते तीनदा नापास झाले होते. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूने त्यांना आकाशाकडे ओढले. १९१२ मध्ये त्यांनी इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवतारा उजळला, तो त्यांनी कुणी न सांगता स्वतः ओळखला. हार्वर्ड वेधशाळेशी पत्रव्यवहार झाला आणि रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे गोळा करणाऱ्या अमेरिकेतील हौशी निरीक्षकांच्या संघटनेत ते दाखल झाले. त्या संघटनेने १९२६ साली त्यांना सव्वासहा इंची भिंगदुर्बीण वापरण्यासाठी पाठवली. समुद्र ओलांडून आलेल्या त्या नळीची साथ मिळालेल्या या कारकुनाने एकूण ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालात बारासातला आले, आणि निरीक्षण थांबवण्याचे वय झाल्यावर त्यांनी दुर्बीण परत देऊ केली. संघटनेने ती अमेरिकेला न मागवता भारतातच एका तरुण खगोलशास्त्रज्ञाकडे सोपवायला सांगितले. तो तरुण म्हणजे वेणू बाप्पू. जेसोरच्या अंगणातली ती दुर्बीण अखेर कावलूरला पोहोचली.

एका अर्थाने ती योग्य हाती पडली होती. बाप्पूंचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. दुर्बिणीशी मुलाची ओळख पदवीच्या आधीची, घरची. १९४९ मध्ये हार्वर्डला शिकत असताना बाप्पूंनी एक धूमकेतू शोधला. १९५७ मध्ये ताऱ्यांचे अंतर काढायला उपयोगी पडणारा विल्सन-बाप्पू परिणाम जगासमोर आला. १९६० साली ते कोडाईकनालचे संचालक झाले. तिथे सूर्य उत्तम दिसे, पण रात्री ढगांच्या. म्हणून त्यांनी दक्षिणेतील डोंगर पालथे घातले आणि जावडी टेकड्यांतील कावलूर हे आडगाव निवडले. १९६८ मध्ये तिथे ३८ सेंटिमीटरची, आपल्याच कार्यशाळेत घडवलेली दुर्बीण बसली. १९७२ मध्ये एक मीटरची आली आणि त्याच वर्षी गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहाला विरळ वातावरण असल्याचा पुरावा तिथे मिळाला. १९७७ मध्ये युरेनसच्या कड्यांच्या शोधातही या टेकडीचा वाटा होता. २.३४ मीटरची दुर्बीण उभी राहिलेली मात्र बाप्पूंनी पाहिली नाही. ते १९८२ मध्ये गेले आणि १९८६ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले.

हॅलेचा धूमकेतू परत आला तोही याच सुमारास. १९१० मध्ये त्याने जेसोरच्या एका माणसाला वेड लावले होते. १९८५-८६ मध्ये त्याने भारतभर मंडळे काढायला लावली. मुंबईचे खगोल मंडळ त्याच निमित्ताने १९८५ मध्ये सुरू झाले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था त्याआधीची, १९४४ची. हौशी आकाशनिरीक्षकांच्या देशातील संस्थांत ती सर्वांत जुनी मानली जाते. अशा मंडळांनी लोकांना घेऊन शहराबाहेर रात्र काढायची प्रथा रुजवली. कल्याण-कर्जत मार्गावरच्या वांगणीला शेवटच्या लोकलने जाऊन पहाटेच्या लोकलने परतणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. वेधशाळेला दार असते, वार असतो. मंडळाला फक्त अमावास्येच्या जवळचा शनिवार लागतो.

शहराबाहेर जायचे कारण उघड आहे, पण त्यामागचे भौतिकशास्त्र अनेकांना ठाऊक नसते. तारा हा दुर्बिणीतही बिंदूच राहतो. म्हणून मोठे भिंग त्याला अधिक ठळक करते आणि उजेडी शहरातूनही तो सापडतो. दीर्घिका किंवा तेजोमेघ हे मात्र पसरलेले पदार्थ आहेत. दुर्बीण त्यांचा अधिक प्रकाश गोळा करते खरी, पण वर्धनामुळे तो तितक्याच अधिक क्षेत्रावर पसरतो. परिणामी, कोणत्याही दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ दिसू शकत नाही. हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे, पैसे ओतून तो ओलांडता येत नाही. देवयानी दिसते ती काळ्या पार्श्वभूमीवर, आणि पार्श्वभूमीच करडी झाली की ती त्यात विरघळते. आठ इंची दुर्बीण अंधाऱ्या माळावर जे दाखवेल, ते वीस इंची दुर्बीण शहरात दाखवणार नाही.

या नियमाने वेधशाळांना पळवले. निजामिया वेधशाळा १९०१ साली नवाब जफर जंग यांनी हौसेने उभारली. पुढे ती सरकारकडे, मग उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. बेगमपेटेभोवती हैदराबाद वाढले, तेव्हा १९६०च्या दशकात ४८ इंची दुर्बीण पन्नासेक किलोमीटरवर रंगापूरला न्यावी लागली. नैनितालच्या मनोरा शिखराला आसपासचा उजेड जाचू लागल्यावर नव्या मोठ्या दुर्बिणीसाठी देवस्थळ निवडले गेले. शास्त्रज्ञ हटत गेले, लोक शहरात राहिले. दोघांमधील अंतर असे वाढत गेले, आणि लोकांच्या वाट्याला आला तो तारांगणाचा वातानुकूलित घुमट. तारांगणाचे उपकार मोठे आहेत, पण तिथला अंधार पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि त्यातला एकही प्रकाशकण ताऱ्यावरून आलेला नसतो.

या माघारीच्या वाटेवर एक जुना प्रवासी आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रा. कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी वेधशाळा उभारली. ती १८८८ मध्ये सुरू झाली आणि तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. नेगामवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, त्यांच्याबरोबर वेधशाळाही. पुण्याने ती चालवली नाही, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. दुर्बीण कोडाईकनालला गेली, तिथे दीर्घकाळ तिचे फारसे चीज झाले नाही. पण १९८०च्या दशकात भारतीय तारभौतिकी संस्थेने हिमालयापलीकडे नव्या वेधशाळेसाठी जागा शोधायला घेतली, तेव्हा लेहच्या आकाशाची परीक्षा घ्यायला पाठवली गेली ती हीच भावनगर दुर्बीण. शंभरीला टेकलेली दुर्बीण लडाखच्या थंडीत कामाला लागली.

त्या शोधाचा शेवट हानलेला झाला. सुमारे ४,५०० मीटर उंची, कोरडी हवा, आणि मैलोन्‌मैल वस्ती नाही. २००० साली तिथे हिमालयन चंद्रा दुर्बिणीने पहिला प्रकाश टिपला. गंमत अशी की ही दुर्बीण वापरणारा खगोलशास्त्रज्ञ बहुतेक वेळा हानलेला नसतोच. तो बंगळुरूजवळच्या होसकोटेला नियंत्रणकक्षात संगणकापुढे बसतो आणि उपग्रहामार्फत दुर्बीण फिरवतो. त्याच्या खिडकीबाहेर देशातील सर्वाधिक झगमगत्या शहरांपैकी एकाचा उजेड असतो. आकाशाखाली उभा असतो तो गावकरी, मेंढपाळ, पाहुणा. शतकभर वेधशाळा लोकांना आपल्या आकाशातला एक तुकडा दाखवत आली. इथे आकाश लोकांच्या अंगणात आहे आणि शास्त्रज्ञ पाहुणा आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने हानलेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश अंधार-आकाश राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला, तो हे नाते ओळखूनच. लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आणि भारतीय तारभौतिकी संस्था यात भागीदार आहेत. क्षेत्रातल्या वस्त्यांमधून चोवीस जणांना निवडून आकाशदर्शनाचे शिक्षण देण्यात आले. त्यांत बहुसंख्य महिला. दिवसा पश्मिना शेळ्या आणि घरकाम, रात्री पाहुण्यांना शनी दाखवणे. मोबदला त्यांचा त्यांना मिळतो. त्या बदल्यात गाव काय देते? खिडक्यांना जाड पडदे, रस्त्यावरच्या दिव्यांची तोंडे खाली, गाडीचे दिवे मंद. दोन मीटरच्या दुर्बिणीचे आकाश काळे राहते ते या पडद्यांच्या जोरावर. रांगेसाठीची दुर्बीण इथे वेधशाळेची राखणदार झाली आहे.

त्यांच्या हाती दिलेल्या दुर्बिणींच्या घडणीलाही एक कथा आहे. त्या डॉब्सोनियन जातीच्या, म्हणजे साध्या खोक्यात बसवलेल्या, हाताने ढकलून फिरवायच्या. जॉन डॉब्सन हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेच्या मठात, साधू होता. मठात राहून तो भंगारातील काचा घासून आरसे बनवी आणि दुर्बिणी रस्त्यावर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवी. या उद्योगापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याने पदपथावर आकाश दाखवणाऱ्यांची संघटना काढली; कावलूरला पहिली दुर्बीण बसली तेच हे वर्ष.

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला अंधार-आकाश उद्यानाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, देशातील पहिले. त्यासाठी लगतच्या गावांतील शंभराहून अधिक दिव्यांची तोंडे जमिनीकडे करण्यात आली. तिथे मोठी दुर्बीण नाही, शोधनिबंध नाहीत. जंगल आहे, वाघ आहे, आणि त्यांच्यासाठीही रात्र काळीच हवी.

हानलेची अडचण आता तिच्या कीर्तीतूनच उभी राहते आहे. २०२३ पासून दरवर्षी देशभरचे हौशी निरीक्षक तिथे मेळाव्यासाठी जमतात. ते शिस्तीचे असतात, लाल दिवा वापरतात. पण मे २०२४ मध्ये हानलेच्या क्षितिजावर ध्रुवीय प्रकाशाची तांबूस छटा टिपली गेली, ती छायाचित्रे सर्वत्र फिरली, आणि आकाशासाठी लडाखला जाणाऱ्यांत अनेकांची भर पडली. जवळच उमलिंग ला हा जगातील सर्वांत उंच मोटाररस्त्यांपैकी एक आहे. त्या वाटेवरच्या मोटारसायकलींचा मुक्काम हानलेत पडतो. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि वळणावर आलेल्या एका गाडीचा झोत ती एका क्षणात पुसून टाकतो. मग दुर्बिणीपाशी उभी असलेली गावातली बाई पाहुण्यांना पुन्हा थांबायला सांगते, आणि कुणीतरी रस्त्याकडे धावत जाऊन चालकाला दिवे उतरवायला लावते.